पाहुणीचा पहिला घोट

ऋत्विज कारखानीसने बाटलीत उरलेला अर्क बकुळीच्या मुळाशी ओतला, आणि जमलेल्या पंधरा-वीस माणसांनी देवळात घालाव्यात तशा माना खाली घातल्या. एकीने डोळेही मिटले. बकूळ रोपवाटिकेतून आणून पितळी घंगाळात लावलेली होती, आणि तिच्यावर एक पिवळा दिवा अशा बेताने सोडला होता की दुपारी चार वाजताही तिच्या पानांवर दिवेलागण झालेली असावी. ओतून झाल्यावर ऋत्विज हलक्या आवाजात म्हणाला, “पूर्वजांसाठी.” सगळ्यांनी मागून म्हटले, “पूर्वजांसाठी.”

मी म्हटले नाही. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या पारशी बाईनेही म्हटले नाही. तिची पंचाहत्तरी उलटलेली होती, मांडीवर काठी आडवी होती. ती माझ्याकडे झुकली.

“हे काय करतात हे?”

“रिवाज आहे,” मी म्हणाले.

“कुणाचा?”

“तुमचा.”

“असं?” ती म्हणाली, आणि घंगाळाकडे बराच वेळ पाहत राहिली.

ही गोष्ट दोन हजार तेरा सालची. मुंबईच्या फोर्ट भागात, कापसाच्या एका जुन्या वखारीत, ऋत्विजला ‘पहिली धार’ नावाचा बार उघडायचा होता, आणि ही त्याआधीची निवडक पाहुण्यांसाठीची दुपार होती. ज्या दोन शब्दांचा उच्चार माझ्या पिढीतली सभ्य माणसे दार लोटून घेऊन करीत, ते तांब्याच्या अक्षरांत दर्शनी भिंतीवर लावलेले होते. विस्मृतीत गेलेली मद्ये आणि मोडीत निघालेली कॉकटेले पुन्हा जिवंत करणे हे त्या बारचे व्रत होते. व्रत हा शब्द त्यांच्या पत्रकातला. पंच हे पेय आपल्या ‘पाच’वरून आले, असेही पत्रकात होते, ते ऋत्विजने मला दोन आठवड्यांत तीनदा सांगितले, आणि तिन्ही वेळा ते त्यानेच नुकते शोधून काढलेले होते.

माझा तिथे संबंध असा, की मी इतिहासाची प्राध्यापक, आणि तीस वर्षे अबकारी खात्याच्या जुन्या दप्तरांत काढलेली. त्यांतल्या पहिल्या वर्षांतून एक ग्रंथ निघाला. त्याच्या पाचशे प्रती छापल्या, दोनशे खपल्या, उरलेल्या प्रकाशकाच्या गोदामात वाळवीने वाचल्या. माझ्या समीक्षकांपेक्षा ती बरीच खोल गेली. ऋत्विजने त्यातले एकच पान वाचले होते. पान दोनशे चौदा.

त्या पानावर खाडीपलीकडच्या खारवणे गावातल्या नादिरशा पिठावाला यांच्या मोहाच्या अर्काची नोंद आहे. दारूबंदी आली तेव्हा त्यांच्या भट्टीला कुलूप लागले, ते पुन्हा निघाले नाही. तो अर्क कसा लागत असे, हे सांगणारे एकच वाक्य जगात छापलेले होते, आणि ते माझे होते: ‘जिभेवर आधी मधाळ गोडी, मग ओल्या लाकडाचा गंध, आणि घशाशी लवंगेची दूरची ऊब.’ खाली तळटीप होती, की त्या घरात पेला पहिल्यांदा पाहुण्याने तोंडाला लावायचा, त्याआधी यजमानाने नाही. आणि बाटलीत उरलेला अर्क अंगणातल्या बकुळीच्या मुळाशी ओतायचा, असा पिठावाला घराण्याचा रिवाज होता.

ऋत्विजने एका परराज्यातल्या भट्टीवाल्यांना हे वाक्य दिले आणि आठ महिने त्यांच्या मागे लागून राहिला, दारू त्या वाक्याला जुळेपर्यंत. पूर्वी लोक दारूवरून वाक्ये करीत. इथे वाक्यावरून दारू गाळली गेली होती. ते वाक्य आता जाड, खरखरीत कागदावर छापून प्रत्येक टेबलावर ठेवलेले होते, खाली माझे नाव.

मी नाही म्हणायला आले होते. माझी सगळी प्रतिष्ठा नाही म्हणण्यावर उभी होती. बनावट सनदा, पाठीमागून रचलेल्या वंशावळी, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले कागद घेऊन माणसे पुण्यात माझ्या खोलीवर येत आणि परत जात. नादिरशांचे नाव बाटलीवर घालायचे तर अर्क तोच आहे असे कुणीतरी म्हणायला हवे होते, आणि ते कुणीतरी मी होते. मोहाची फुले बाळगली म्हणून तुरुंगात गेलेल्या अठ्ठावीस बायांची नावे माझ्या ग्रंथाच्या परिशिष्टात आहेत. ऋत्विजने परिशिष्ट उघडले नव्हते. त्याच्या टेबलांवर पितळी वाट्यांतून मोहाची सुकी फुले चणेफुटाण्यांसारखी ठेवलेली होती, आणि पाहुणे ती हुंगून पुन्हा वाटीत टाकत होते. मी बसल्या जागी नकाराचे वाक्य मनात जुळवत होते, आणि ते चांगले जुळत होते.

पण माझ्या डाव्या हाताला फ्रेनी बसली होती. ती नादिरशांची एकुलती एक मुलगी. ऋत्विजने तिला दादरच्या पारशी कॉलनीतून शोधून काढले होते, कारण नाव वापरायला घरच्यांची परवानगी लागते. तिने त्याच्यापुढे एकच अट ठेवली होती, आणि ती अट तिने मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकली.

“मी ह्या मुलाला सांगितलं, मला विचारू नको. पप्पांची शेवटची बाटली ह्या बाईसाठी उघडली होती. ती सांगेल हा तोच, तर घे नाव. ती नाही सांगेल, तर दुकान बंद कर तुझं.” मग माझ्याकडे वळून, “तू आहेस ती, नी?”

पारशी मराठीत आदरार्थी अनेकवचनाला बसायला जागा नसते. देव, वडील, डॉक्टर सगळे एकाच बाकावर. मी म्हणाले, मीच ती.

मग ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. एकोणीसशे एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत मी खारवण्याला त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा फ्रेनी नवऱ्याबरोबर नैरोबीला होती आणि आई आधीच वारलेली. त्या दुपारी घर कसे होते, तिला हवे होते. ओसरीवरचा झोपाळा होता का. होता, एका बाजूची कडी निखळलेली. खारी बिस्किटे दिली का. दिली, आणि ती मऊ पडली आहेत म्हणून दोनदा माफी मागितली. खोकत होता का. थोडे. मी हे सगळे दप्तरातून काढून द्यावे तसे बिनचूक दिले. माझ्या स्मरणशक्तीला कधी कुणी नाव ठेवलेले नाही.

“कोट घातला होता त्यानं?”

“काळा. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.”

फ्रेनीने काठीवरची बोटे उघडली आणि पुन्हा मिटली. तो कोट तो फक्त नवरोजला बाहेर काढायचा, ती म्हणाली. आणि एकदा काढला होता तिच्या लग्नात.

नंतर तिने पत्राचे सांगितले. त्या फेब्रुवारीत वडिलांनी तिला नैरोबीला दोन ओळी लिहिल्या होत्या, पुण्याहून एक हुशार मुलगी आली, मी बाटली उघडली. त्यापुढे सही. दोन महिन्यांनी ते गेले. सात वर्षांनी कुणीतरी तिला माझा ग्रंथ पाठवला. ती खारवण्याच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी शिकलेली; ते पान वाचायला तिला अख्खा रविवार लागला.

“एकटा होता नी तो,” ती म्हणाली. “पण शेवटी कुणीतरी समोर बसून प्यायलं त्याच्या हातची. कुणीतरी सांगितलं त्याला, नादिरशा, छान आहे.”

मी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे लक्षात यायला मला वेळ लागला.

ऋत्विज स्वतः तबक घेऊन आला. पंच आणि बाकीचे प्रकार नंतर, त्याने सांगितले; आधी निव्वळ अर्क, बर्फाशिवाय, पाण्याशिवाय. दोन लहान पेले. उरलेले पाहुणे टेबलांभोवती उभे राहिले, आणि त्यांनी मोबाइल वर धरले. मी ऋत्विजकडे जरा नीट पाहिले. पेले मांडताना तो टेबलावरची ती छापील ओळ ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. मला तो लबाड हवा होता. माझे वाक्य लबाड माणसासाठी जुळवलेले होते. तो लबाड नव्हता. एका छापील ओळीवर विश्वास टाकून त्याने आयुष्यातले आठ महिने आणि भाऊबंदांची मर्जी घालवली होती.

“आधी तुम्ही, मॅडम,” तो म्हणाला. “पाहुणा आधी.”

फ्रेनीने तिचा पेला दोन्ही हातांत धरला, तोंडाला लावला नाही, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

मी प्यायले. आत काय झाले ते मी रसिकांच्या भाषेत सांगणार नाही. त्या भाषेने पुरेसे नुकसान केलेले आहे. जळले. मग जिभेच्या टोकाला गोड लागले, गुळाच्या पाण्यासारखे. डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि ते पाहून मागे कुणीतरी सुस्कारा सोडला. एक मोबाइल पुढे सरकला. चौतीस वर्षांनी भेटलेल्या चवीने प्राध्यापकबाई रडल्या, असे ते चित्र नंतर बऱ्याच ठिकाणी छापून आले.

नकार तयार होता. फक्त उच्चारायचा होता. माझ्या समोर एक म्हातारी बाई पेला धरून बसली होती, आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांतले तिच्याजवळ काय होते, तर दोन ओळींचे पत्र आणि माझे एक वाक्य. माझ्या नकारावर कुणीही पुढचा प्रश्न विचारला असता: मग तो कसा लागत होता, बाई? आणि त्या प्रश्नाखालची जमीन किती पोकळ आहे, हे त्या खोलीत एकटी मी जाणत होते. निदान तसे मला तेव्हा वाटले.

“हाच,” मी म्हणाले.

तीस वर्षे मी इतरांचे खोटे कागद फाडत आले होते. माझा पहिला खोटा कागद एका शब्दाचा होता. आणि तो मी दयेपोटी दिला अशी माझी त्या क्षणी खात्री होती. टाळ्या वाजल्या. ऋत्विजने पाठ फिरवून बाहीला डोळे पुसले.

फ्रेनीने आता पेला ओठाला लावला. घोट तिने गिळला नाही लगेच. गालात धरून ठेवला, एखाद्या हिशेबी गृहिणीने तेल पारखावे तसा. मग गिळला, पेला खाली ठेवला, अर्ध्याहून जास्त भरलेला.

“शरयू सांगते, हाच,” ती ऋत्विजला म्हणाली. “मग हाच. घे नाव.”

पुढचा अर्धा तास लोक पंच पिऊन आमच्याशी बोलायला येत राहिले. एका तरुणीने मला विचारले, की झाडाला अर्क घालण्यामागे निसर्गाविषयीची कृतज्ञता असावी का. मी म्हणाले, असावी. मग फ्रेनीने काठी टेकली आणि मला म्हणाली की टॅक्सीपर्यंत चल.

रस्त्यावर साडेपाचचे ऊन होते. कचेऱ्या सुटत होत्या, आणि आम्हा दोघींच्या संथ चालीमागे माणसांचा लोंढा तुंबून मग दोन बाजूंनी पुढे जात होता. तिने माझा दंड धरला होता. टॅक्सी मिळाली, ती आत बसली, काठी आत घेतली, काच खाली केली. मी निरोपाला वाकले.

“शरयू, मोहाचं फूल कधी खाल्लंस तू?”

“हो. तुमच्याकडेच. नादिरशांनी दिलं होतं.”

“गोड लागतं, नी?”

“खूप.”

“फूल गोड,” ती म्हणाली. “अर्क गोड नसतो. फुलाची साखर सडून सगळी दारू होऊन जाते, मग गोडी राहणार कुठून? पप्पांचा अर्क कोरडा होता, एकदम कोरडा. मला दात येत होते तेव्हा मम्मी बोटानं हिरड्यांना लावायची. मोठी झाले तरी ताप आला की चमचाभर. मला माहीत नाही की काय त्याची चव?” तिचा आवाज चढलेला नव्हता. दुकानात चुकीचा माल आला आहे, एवढ्याच सुरात ती बोलत होती. “तुझ्या पुस्तकात मी ‘मधाळ’ वाचलं, त्याच रविवारी मला समजलं. ही मुलगी प्यायलीच नाही.”

टॅक्सीवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिले. मी काहीतरी म्हणाले असेन. बहुधा, ‘मग आज तुम्ही...’ वाक्य पुरे झाले नाही.

“मला वाटलं, तू सांगशील,” फ्रेनी म्हणाली. “म्हणून सांगितलं त्या मुलाला, तिला बोलाव. तिला विचार. मला नाव-बिव काय करायचं आहे, शरयू? सत्तावीस वर्षं मला एकच गोष्ट समजत नव्हती. बाटली उघडली, असं पप्पा लिहितो. पाहुण्याआधी तो पिणार नाही, मेला तरी नाही. पाहुणी तर प्यायली नाही. मग बाटली गेली कुठे? पानाखालची तुझी बारीक अक्षरं मला वाचता आली नव्हती, आणि आज त्या मुलाला मी कुंडीत ओतताना बघितलं. आमच्या घरात थेंब सांडला तर मम्मी पप्पांना जेवायला वाढत नव्हती. तो रिवाज तू कुठून आणलास?”

तेव्हा मी तिला सांगितले. रस्त्यात, टॅक्सीच्या खिडकीशी वाकून, आयुष्यात प्रथम कुणालातरी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने गेलेली, खांद्याला शबनम, हातात पुठ्ठ्याच्या बांधणीची टिपणवही. दोन तास नादिरशांनी मला सगळे समजावले: फुले पहाटे का वेचायची, किती दिवस भिजत घालायची, तांब्याच्या भांड्याची मान कुठे वाकवायची. मग ते आत गेले आणि आले ते तो काळा कोट चढवून. हातात बाटली, लाखेची मोहोर शाबूत. भट्टीला कुलूप लागले त्या आठवड्यातली, तीस वर्षे जपलेली, शेवटची. आधी त्यांनी कपाटातून स्वतःचा परवाना काढून मला दाखवला. तब्येतीच्या कारणासाठी या माणसाला मद्य बाळगण्यास हरकत नाही, असा तो सरकारी कागद. ज्याच्या तीन पिढ्यांनी मद्य गाळले त्या माणसाला दिलेला. मी तो अभ्यासकाच्या आस्थेने वाचला आणि त्याचा क्रमांक उतरवून घेतला. मग त्यांनी सुरीने लाख फोडली, दोन पेले भरले, एक माझ्यापुढे ठेवला.

“गाळणाऱ्यानं आधी चाखायचं नाही, डिकरी,” ते म्हणाले. “त्याची जीभ लबाड असते. पाहुण्याची खरी. तू पी, आणि मला सांग.”

मी म्हणाले, “माझ्याकडे परवाना नाही.”

ते मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला. मी विनोद केलेला नव्हता. मी कलमाचा आकडाही सांगितला. कायदा हे अर्थात निमित्त होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात दारू हा शब्द औषधाच्या बाटलीवरसुद्धा झाकून ठेवत, आणि ती शिसारी मी विद्यापीठात नेऊन तिला नवे, भारदस्त नाव मिळवून दिले होते: अभ्यासकाने आपल्या विषयापासून अंतर राखावे. त्यांचे हसू हळूहळू उतरले. ते पेला हातात धरून समोर बसून राहिले. मी टिपणे नीटनेटकी करीत राहिले. पावणेपाचची लाँच पकडायची होती.

मग ते उठले. दोन्ही पेले आणि बाटली घेऊन अंगणात गेले. बकुळीच्या मुळाशी त्यांनी आधी माझा पेला ओतला, मग स्वतःचा, मग बाटली उलटी धरली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मी मागोमाग गेले होते, वही उघडी. मी विचारले, हा तुमच्याकडचा रिवाज आहे का?

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“हो, डिकरी. रिवाज. लिही.”

मी लिहिले. सात वर्षांनी ते तळटीपेत गेले. आणि पानाच्या वरच्या भागात चवीचे एक वाक्य हवे होते, तिथे तीन अबकारी निरीक्षकांचे अहवाल, एक वैद्यकाची पोथी आणि त्यांनी मला दिलेले ते फूल यांची बेरीज करून मी एक वाक्य तयार केले. ते सुंदर होते, म्हणून त्याचा आधार कुणी मागितला नाही. माझ्याकडे कुणी असे वाक्य घेऊन आले असते तर मी त्याला दारातून परत पाठवले असते.

हे सगळे मी फ्रेनीला एवढ्या शब्दांत सांगितले नाही. थोडक्यात सांगितले. मागे एक गाडी हॉर्न वाजवू लागली होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि रागावली नाही. तिने रागवावे याची मी वाट पाहत होते हे मला तेव्हा समजले.

“किती वेळ बसला होता तो?” तिने विचारले. “पेला घेऊन?”

“आठवत नाही,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग काच वर करता करता टॅक्सीवाल्याला म्हणाली, “चल, बाबा.”

त्या आठवड्यात मी ऋत्विजला सविस्तर पत्र लिहिले: ते वाक्य माझी रचना आहे, ती तळटीप चुकीची आहे, आणि माझा शब्द मी मागे घेत आहे. त्याचे उत्तर लगेच आले, फार अदबीचे. मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणापुढे मी नतमस्तक आहे; पण लोकांना त्या क्षणाशी नाते जडले आहे, आणि परंपरा ही अखेर प्रत्येक पिढी नव्याने घडवते, असे तुम्हीच प्रस्तावनेत म्हटले आहे. मी म्हटले होते. मग एका त्रैमासिकात दुरुस्तीचे टिपण छापले, दीड पानांचे. अकरा वर्षांत ते कुणी उद्धृत केलेले माझ्या पाहण्यात नाही. मूळ तळटीप किती ठिकाणी आली, हे मात्र मी मोजणे सोडून दिले आहे. ‘पहिली धार’ आता तीन शहरांत आहे. गेल्या मार्गशीर्षात पुण्यात एका लग्नाला गेले होते. तिथे वधूवरांनी जोडीने एका कुंडीतल्या बकुळीला अर्क घातला, आणि गुरुजी बाजूला उभे राहून कौतुकाने पाहत होते.

फ्रेनी दोन वर्षांनी गेली. पारशी कॉलनीतला तिचा पत्ता माझ्याजवळ होता. मी एकदा दादरला उतरूनही गेले होते, आणि तिच्या फाटकापाशी पोचून परत आले. ती विचारील तो प्रश्न मला माहीत होता, आणि त्याचे उत्तरही.

उत्तर त्या संध्याकाळीही माझ्याजवळ होते. रात्री मी पुण्याला पोचले, चप्पल न काढता कपाटातून पुठ्ठ्याची वही काढली, ती केवळ पडताळणीसाठी. माझ्या स्मरणशक्तीला कधी कुणी नाव ठेवलेले नाही. त्या पानावर माझ्या सुवाच्य अक्षरात दोन नोंदी आहेत. ‘४.१०: नादिरशांनी दोन पेले भरले.’ ‘४.२२: अर्क बकुळीच्या मुळाशी. रिवाज.’ दोन्हींच्या मध्ये, नोंदी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून, मी एक ओळ कोरी सोडली आहे.